न हसणारं तरस

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तू न सांगता गेलीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. सकाळी उठून बघते तर तुझं अंथरूण घडी घालून ठेवलेलं, उशीचा अभ्रासुद्धा धुऊन वाळत टाकलेला. इतकं नीट आवरून तू आयुष्यात पहिल्यांदाच कुठून निघाली असशील. तुझे भावजी मला म्हणाले, "तू काही बोललीस का तिला?" आता दोन महिने एका घरात राहिल्यावर दोन शब्द होणारच. "पुढचं काय ठरवलंयस" एवढंच मी विचारलं होतं. त्याला कुणी घालवून देणं म्हणत नाही.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला.

टेबलावर तरसाचं चित्र ठेवून गेलीस, वर चिठ्ठी: "ताई, जमलं तर दाखव." दाखवलं. गोड बोलून झुलवत ठेवणारी मी नाही, तेव्हा सरळ सांगते. त्यांना नाही पसंत पडलं.

तुला आमच्या स्टुडिओचा नियम पुन्हा सांगते, म्हणजे कुठे बिनसलं ते कळेल. या सिनेमात माणूस एकही नाही. म्हातारा हत्ती मरतो आणि त्याच्या माघारी काय करायचं ते ठरवायला बाकीची जनावरं जमतात, एवढीच गोष्ट. पण आमच्या दिग्दर्शकांना नुसतं कपडे घातलेलं जनावर चालत नाही. ते म्हणतात, प्रत्येक पात्रात एक सवय जनावराची हवी, एक गोष्ट लोकांच्या तोंडची हवी, आणि एक खोड आपल्या ओळखीच्या माणसाची हवी. सहा वर्षांपूर्वीच्या सिनेमातलं माझं घुबड घे. मान पार मागे वळते ही त्याची सवय. दिसलं की वाईट बातमी येते, हे लोकांचं म्हणणं. आणि खोड दवाखान्यातल्या त्या कारकुनाची, जो रिपोर्ट हातात देण्याआधीच "माफ करा" म्हणायचा. माझं घुबड आधी माफी मागतं, मग बोलतं. ते पहिल्या फटक्यात पास झालं होतं.

तुझ्या तरसाबद्दल दिग्दर्शक म्हणाले, तरस म्हटलं की लोकांच्या कानात हसणं वाजतं, आणि हे तर हसतच नाही. खांद्याला पिशवी लावून, खाली मान घालून उभं आहे. लहान मुलं कंटाळतील, म्हणाले. मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हात वाईट नाही, फक्त सवय मोडली आहे. लग्नानंतर सहा वर्षं तू पेन्सिल धरली नव्हतीस, आणि ते लग्न मोडून आल्यावर दोन महिन्यांत हात कुठून वळणार?

औषधांच्या खोक्यांवर लावायच्या लेबलांची चित्रं काढायची नोकरी मिळतेय म्हणालीस ना, ती घे. लांब आहे, पण पक्की आहे. आधी पायावर उभी राहा.

ताई


४ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड आलं. "नोकरी घेतली. खोली बरी आहे. भावजींना नमस्कार." सात शब्द. मोजले मी. त्यात ताईसाठी एकही नाही.

असो. इकडे तरस माझ्याच गळ्यात पडलं आहे. एकोणतीस आराखडे झाले. दिग्दर्शक प्रत्येक कागद उजेडात धरतात, चष्मा काढतात, पुसतात आणि म्हणतात, "देखणं आहे." त्यांच्या तोंडी ही शिवी आहे हे आता सगळ्या स्टुडिओला कळलं आहे. आमची रंगवाली, म्हणजे रंग भरणारी ती उंच बाई, माझ्या टेबलाशेजारून जाताना हळूच विचारते, "आज देखणं की अतिदेखणं?" ती गमतीनं म्हणते. मी हसते. हसावंच लागतं.

परवा एक मजा झाली. दिग्दर्शक म्हणाले, "तुमची बहीण काढते ना? मागे इथे आली होती तेव्हा फळ्यावर खडूनं कासव काढून गेली होती. मी ते आठवडाभर पुसू दिलं नाही. तिला विचारा की तरसाचं." मी म्हटलं, तिला नोकरीतून सवड नसते आता. यात खोटं काही नाही. असते का तुला सवड?

काल मी संग्रहालयात जाऊन आले. बाबांनी भुसा भरलेलं तरस अजून त्याच काचेमागे आहे. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे कायम चढणीवर उभं असल्यासारखं दिसतं. पाठीवरच्या आयाळीतले केस झडले आहेत. खालच्या पाटीवर बाबांचं नाव नाही, फक्त जनावराचं आहे. मी तिथे दोन तास बसून रेखाटनं केली. पट्टे मोजून काढले.

तुला ती मागची खोली आठवते का, जिथे बाबा काम करायचे? मी तारा धरून उभी राहायची, ते सांगतील तसे सांधे वाकवून द्यायची. तू बाकाखाली बसून कागद खराब करायचीस. ते काम करता करता गोष्टी सांगायचे. तरस संध्याकाळी गावाबाहेरून माणसाच्या आवाजात हाक मारतं, नाव घेऊन, आणि ओ दिली की माणूस परत येत नाही, ही त्यांचीच गोष्ट. मग आपण दोघी चित्रं दाखवायचो. माझं बघून ते म्हणायचे, "हुबेहूब." तुझं बघून हसायचे. कोल्ह्याला तू काकांच्या मिशा लावल्या होत्यास तेव्हा तर डोळे पुसेपर्यंत हसले. मला "हुबेहूब" रोज मिळायचं. हसू एकदाही मिळालं नाही. बाबा मला हिशेबी म्हणायचे का गं तुझ्याजवळ? सहज विचारते.

तिकडे जपून राहा. पत्र जरा मोठं लिही.

ताई


२९ मे

भिंगरी,

तरस पास झालं. मी आधी हेच लिहिणार होते आणि खाली सही करणार होते. पण तेवढ्यावर थांबवत नाही.

त्रेपन्नावा आराखडा. मोठे दात, गळ्यात हाडांची माळ, आणि सतत हसणारं. दिग्दर्शक बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चला, हेच घेऊ. वेळ संपला." चार महिने घासल्यावर मिळालेली शाबासकी ही. मी घरी येताना केक आणला. तुझे भावजी म्हणाले, अभिनंदन, आणि पहिला घास तोंडात असतानाच म्हणाले, "भिंगरीनं काढलेलं ते कुठे गेलं गं? ते मला फार आवडलं होतं." मी म्हटलं, परत पाठवलं तिला. तो केक दुसऱ्या दिवशी मी एकटीनं संपवला.

आणि काल रंगवाली माझ्याकडे आली. तिच्याकडे माझं तरस रंगवायला दिलं आहे. म्हणाली, "ताई, याला कुठला रंग देऊ कळत नाही. आत कुणी राहतच नाही याच्या." मी तिला म्हटलं, करडा दे.

आता तुला एक सांगते, हसू नकोस. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मी डोकेदुखीची गोळी घ्यायला गेले होते. काउंटरवर घशाच्या गोळ्यांच्या डब्या मांडल्या होत्या. त्यावर एक बेडूक. गळ्याभोवती मफलर, तोंड उघडलेलं, आणि चेहऱ्यावर असा भाव की काल रात्रीपर्यंत आपण गात होतो आणि आज हे काय झालं. दुकानदार मला म्हणाला, या गोळ्यांना चव नाही, पण बेडकासाठी लोक नेतात. मी डबी उलटी केली. चित्रकाराचं नाव अर्थातच नव्हतं, पण मला नाव कशाला लागतं? तो बेडूक म्हणजे शाळेतल्या आपल्या गाण्याच्या बाई आहेत. मानेची ती लचक दुसऱ्या कुणाची नाही.

मला खोकला नव्हता. मी सहा डब्या आणल्या. घरी येऊन त्या ओळीनं मांडल्या आणि बघत बसले, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वीस वर्षं हेच काम करते. सकाळी नऊला टेबलावर, संध्याकाळी सहाला उठणं. पक्ष्याच्या पंखात मोठी पिसं किती, हे मला झोपेतून उठवून विचार. आणि तू एका गोळीच्या डबीवर, तीन बोटं जागेत, जेवता जेवता काढल्यासारखं काढतेस आणि अनोळखी दुकानदार त्याची तारीफ करतो. हे कुठल्या न्यायात बसतं?

लहानपणी आई म्हणायची, थोरलीनं समजून घ्यावं. घेतलं की. तुला खेळणी दिली, खिडकीजवळची जागा दिली, बाबांची मांडी दिली. चित्रं काढणं तेवढं माझं होतं. तू ते सोडून दिलंस तेव्हा, आता लिहूनच टाकते, मला बरं वाटलं होतं. तुझ्या लग्नात सगळे म्हणत होते ताई किती खूश आहे. मी खरंच खूश होते.

हे पत्र पाठवावं की नाही ठरत नाही. उद्या वाचून बघते.

ताई

ता. क. न वाचताच पाकीट बंद केलं.


१८ ऑगस्ट

भिंगरी,

मेमधल्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच ते होतं. हे त्याहून वाईट आहे, पण पुरतं वाच.

यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस, बरे आहेत, नर्सशी वाद घालतात. घरी आणलं त्याच दिवशी दारात आत्या उभी. आपल्या आत्याला बोलवावं लागत नाही. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की ती खांद्याला पिशवी लावून हजर. स्वयंपाकघर ताब्यात घेणार, भांडी घासणार, गेलेल्याच्या कपड्यांच्या घड्या घालून ज्याचं त्याला देणार. बाबांच्या वेळी तिनंच सगळं निस्तरलं. लग्नाकार्यात मात्र तिला बोलवायचं सगळे विसरतात. माझ्या लग्नात मीही विसरले होते. ती तेव्हाही काही बोलली नाही.

तर परवा दुपारी मी यांना औषध देऊन बाहेर आले, आणि बघते तर आत्या माझ्या कामाच्या खोलीत जमिनीवर बसलेली. कपाट आवरायला काढलं होतं तिनं. जुन्या कागदांच्या तळाशी मी एक पुठ्ठ्याचा लिफाफा सरकवून ठेवला होता. तो तिच्या मांडीवर उघडा होता, आणि हातात तुझं तरस.

हो. ते माझ्याकडेच होतं. मी ते कुणालाच दाखवलं नव्हतं.

आत्या चित्र जवळ घ्यायची, लांब धरायची. मग म्हणाली, "ही मी आहे."

मी म्हटलं, ते तरस आहे, आत्या.

"असेना. पिशवी माझी आहे. आणि हा खांदा बघ, माझा असाच वर राहतो. पिशवी वागवून वागवून." मग म्हणाली, "धाकटीनं काढलंय."

मी विचारलं, कशावरून.

"तू काढलं असतंस तर मी छान दिसले असते."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही गं. स्तुती म्हणून म्हटलं. तिला वाटलं, मी तिला छान दाखवलं असतं, एवढी मी मायाळू. मग ती चित्रावरून हात न लावता बोट फिरवत म्हणाली, "मला एवढं नीट बघत होती ती? मला वाटायचं, मी आले की पोरी बाहेर खेळायला पळतात." आणि भिंगरी, ती रडली नाही, काही नाही. उठली, चेहरा धुतला, भाताला पाणी ठेवलं. दिवसभर तिची चाल मात्र वेगळीच होती. एखाद्याला घरातल्या घरात नवी चप्पल घालून फिरावंसं वाटतं, तशी.

आता सगळं सांगते.

तू गेलीस त्या सकाळी मी चित्र बघितलं. एका नजरेत कळलं. जनावराची सवय: सगळे जेवून उठून गेले की मागे उरलेलं आवरणारं. लोकांची गोष्ट: नाव घेऊन हाक मारणारं. आणि माणूस: आपली आत्या. मेलेल्यांची नावं जिच्या लक्षात राहतात, म्हणून जी नावानं हाक मारते. हत्ती मेल्यावर सगळी जनावरं भाषणं करत असताना काम करणारं एकच जनावर. तू सगळा सिनेमा एका कागदावर सोडवून ठेवला होतास, आणि तो मीठ-मिरचीच्या डब्याखाली दाबून ठेवून निघून गेली होतीस. आत्याला मीही तुझ्याएवढंच पाहिलं होतं. माझ्या डोक्यात ती कधी आली नाही.

मी ते चित्र पिशवीत घालून स्टुडिओत नेलं. खरंच नेलं. दिग्दर्शक दारातच भेटले, म्हणाले, काय आणलंय? मी म्हटलं, डबा. संध्याकाळी ते तसंच परत आणलं. लिफाफ्यात घालून तळाशी ठेवलं आणि तुला पत्र लिहायला बसले. "मुलं कंटाळतील" वगैरे सगळं मी रचलं. "सवय मोडली आहे" हेही माझंच. त्यांना मार्चमध्ये सांगितलं की तिला सवड नाही. तुला सांगितलं की त्यांना नको आहे. दोन्हीकडे एकेक खोटं, आणि मध्ये मी मिठाची गुळणी धरून बसले.

मत्सर हा शब्द मी याआधी कधी स्वतःसाठी वापरला नव्हता. शिस्त म्हणायचे, कष्ट म्हणायचे, न्याय म्हणायचे.

माफी मागत नाही, कारण ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. उद्या सकाळी चित्र घेऊन दिग्दर्शकांकडे जाते आहे.

ताई


२० ऑगस्ट

भिंगरी,

दाखवलं. या वेळी खरोखर.

दिग्दर्शकांनी चष्मा काढला नाही. टेबलावर दोन्ही हात टेकवून बघत राहिले, मग रंगवालीला हाक मारली. ती आली, बघितलं आणि म्हणाली, "धुवून धुवून विटलेला निळा. कडेनं मूळ रंग राहिलेला." तिला विचारावं लागलं नाही.

दिग्दर्शकांनी मला विचारलं, "हे कधीचं?"

"जानेवारीचं."

"सात महिने कुठे होतं?"

"माझ्या कपाटात."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, तीन महिन्यांचं काम टाकून द्यावं लागेल, तुमचं तरस ज्या ज्या प्रसंगात आहे ते सगळे. मी मान हलवली. मग म्हणाले, पात्रांचं काम यापुढे तिच्याकडे, ती आली तर. तुम्ही राहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी राहते म्हटलं. कुठे जाणार? शिवाय, तुझ्यापाशी काय लपवू, तुझं तरस चालताना कसं दिसतं ते मला बघायचं आहे.

तुला त्यांचा फोन येईल. माझा उचलू नकोस, त्यांचा उचल.

ताई


९ ऑक्टोबर

भिंगरी,

माझ्या टेबलापासून तुझं टेबल चार पावलांवर आहे, आणि मी हे पत्र पोस्टानं तुझ्या भाड्याच्या खोलीवर पाठवते आहे. पोस्टमनची कीव येते.

तू आलीस त्याला तीन आठवडे झाले. आमच्याकडे राहायला येणार नाहीस हे मी धरूनच चालले होते. तरी खोली झाडून ठेवली होती. पहिल्या दिवशी तू सगळ्यांना नमस्कार केलास, मलाही केलास, त्याच मापाचा. "हे पान कधी मिळेल?" "उद्या." "बरं." आपलं बोलणं एवढंच. तुझ्या कार्डातल्या सात शब्दांची मला आता श्रीमंती वाटते.

माझं काम काय, तर तू काढलेलं पात्र घ्यायचं आणि ते चारही बाजूंनी पक्क्या रेषेत काढून द्यायचं: समोरून, पाठीमागून, दोन्ही कुशींवरून, म्हणजे पुढची मंडळी त्याला हलवू शकतील. वीस वर्षांपूर्वी मी इथे लागले तेव्हा हेच करायचे. मी तक्रार करत नाही. तू काढतेस तसंच काढते, रेषेला रेष. कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

मंगळवारी तू आत्याला स्टुडिओत घेऊन आलीस. मला कुणी सांगितलं नव्हतं. तू तिला खोलीभर चालायला लावलंस, पिशवी घेऊन, पिशवीशिवाय, वाकून, वळून. दिग्दर्शकांनी तिला स्वतःची खुर्ची दिली, रंगवालीनं चहा आणला. लग्नघरात वरमाई बसावी तशी आत्या बसली होती. मला बघून तिनं हात केला आणि म्हणाली, "अगं, तूही काढ की मला." सगळे हसले. तूही हसलीस, पण माझ्याकडे न बघता. मी काढलं नाही. म्हटलं, काम आहे.

लोक तुझ्या टेबलाशी घोळका करतात. मी कान देते. कालचं तुझं वटवाघूळ सगळ्यांना आवडलं, उलटं लटकल्यामुळे ज्याला सगळं जग चुकीचं वाटतं ते. ते यांच्या थोरल्या काकांवरून आहे ना? मी ओळखलं. कुणाला बोलले नाही.

पोटात दुखतं गं. रोज सकाळी वाटतं आज कमी असेल, आणि तू पेन्सिल उचललीस की परत सुरू. तुला लिहून काय उपयोग, पण दुसऱ्या कुणाला लिहू?

ताई


१५ डिसेंबर

भिंगरी,

आज जे झालं ते तुला माहीतच आहे, तू समोर होतीस. तरी लिहिते, कारण माझ्या बाजूनं ते कसं झालं ते तुला ठाऊक नाही.

सकाळी तरसाची चाल पहिल्यांदा पडद्यावर बघितली. उजाडताना आपली तरसबाई टेकडीवरून खाली येते, पिशवी गळ्यात अडकवून, चारी पायांवर. दहा सेकंद. सगळे श्वास धरून बसले होते. आणि ती चालली, आणि काहीतरी चुकलं. मागून कुणी ढकलल्यासारखी ती अडखळत होती. दिग्दर्शकांनी तीनदा लावून बघितलं. कुणी म्हणालं वेग कमी करा, कुणी म्हणालं पिशवी जड दाखवा. तुझे कान लाल झाले होते. तुला काही जमेनासं झालं की ते होतात, लहानपणापासून.

मला माहीत होतं. आज कळलं असं नव्हे, ऑक्टोबरात पहिलं पान हातात आलं तेव्हापासून. जानेवारीच्या चित्रात पिशवीनं तिचे मागचे पाय झाकले होते. नंतर तू ते उघडे काढलेस आणि माणसासारखे वाकवलेस. जनावराच्या मागच्या पायाला मध्ये जो सांधा मागे वळलेला दिसतो, त्याला तू गुडघा समजलीस. ती टाच असते. गुडघा खूप वर असतो, पोटाला लागून, कातडीत दडलेला. बाबांनी हे मला तार वाकवायला लावून शिकवलं होतं, आणि तू तेव्हा बाकाखाली होतीस. तुझी चूक मी चारही बाजूंनी, पक्क्या रेषेत काढून दिली. बावीस पानं. एवढी सफाईनं मी दुसरं काहीच काढलेलं नाही.

म्हणजे ऑगस्टमध्ये एवढी रडून-भेकून कबुली देऊन मी दोन महिन्यांच्या आत पुन्हा तेच केलं होतं. जित्याची खोड.

दुपारी सगळे जेवायला गेले. तू गेली नाहीस. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तू माझ्या टेबलाशी उभी होतीस, हातात ती पानं. म्हणालीस, "मागचे पाय चुकलेत. कुठे ते मला दिसत नाही."

क्षणभर, भिंगरी, एकच क्षण, मला वाटलं की म्हणावं, मलाही नाही दिसत. जीभ तयार होती.

मी म्हटलं, "मला ऑक्टोबरपासून दिसतंय."

तू माझ्याकडे बघितलंस. तीन महिन्यांत पहिल्यांदाच धड बघितलंस. "मग बोलली का नाहीस?"

"तू सगळ्यांसमोर चुकावीस म्हणून."

मला वाटलं तू पानं फेकून निघून जाशील. गेली असतीस तर तुझं काही चुकलं नसतं. तू शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढलीस, बसलीस आणि म्हणालीस, "त्या बेडकाच्या डबीचं काम मला मिळालं तेव्हा मी आधी विचार केला होता, ताईला हे आवडेल का. आणि मग मुद्दाम वेडंवाकडं काढलं. तुझ्यासारखं सरळ मला कधी येणारच नव्हतं." आणि पुढे म्हणालीस, "लग्नानंतर मी पेन्सिल सोडली ती सासरमुळे नाही. तुझं घुबड छापून आलेलं बघितलं आणि सोडली."

मला हे ठाऊक नव्हतं. सहा वर्षं तू माझ्यावर जळत होतीस आणि मी इकडे एकटीच जळते आहे असं समजून बसले होते.

मी कोरा कागद घेतला आणि तुला टाच दाखवली. तू माझ्या हातातून पेन्सिल घेतलीस आणि गुडघा वर नेलास, आणि त्या तरसबाईचं वजन एकदम पायांवर आलं. चार वाजेपर्यंत आपण बावीसपैकी नऊ पानं पुसली. मला आनंद झाला, आणि तुझी रेष बघून पोटातही दुखलं, दोन्ही एकाच वेळी. हे जाईल असं मी आता म्हणत नाही. निघताना तू पर्स उचललीस आणि म्हणालीस, "ताई, ती पत्रं बंद कर. काय असेल ते तोंडानं सांग." आणि जिना उतरून गेलीस.

म्हणून हे शेवटचं. पण तू गेल्यावर मी तुझ्या टेबलावरून जाताना वटवाघळाचं पान बघितलं. त्याचा अंगठा पंखाच्या वरच्या कडेला असतो, तू खाली काढला आहेस. तोंडानंच सांगणार होते, खिडकीतून दोन हाकाही मारल्या, पण तू वळणावर पोहोचली होतीस. पोस्टात टाकत नाही. आता चप्पल घालून तुझ्या खोलीवरच येते. या वेळी दोन महिने थांबत नाही.

ताई